केपटाऊनचा ग्रंथपाल

केपटाऊन शहराच्या मध्यभागी ‘कंपनीज गार्डन’ नावाची एक जुनी बाग आहे. आशियाकडे जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांना ताजा भाजीपाला मिळावा म्हणून डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ मध्ये तिथे मळा लावला. मळ्याची पुढे बाग झाली आणि बागेभोवती शहर वाढले. या बागेच्या टोकाशी स्तंभांच्या रांगेची एक भारदस्त इमारत उभी आहे. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयाच्या धर्तीवर बांधलेली ही वास्तू म्हणजे त्या काळचे साऊथ आफ्रिकन पब्लिक लायब्ररी, आजच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची केपटाऊन शाखा.

सप्टेंबर १८६० मध्ये राणी व्हिक्टोरियाचा सोळा वर्षांचा मुलगा राजपुत्र आल्फ्रेड केपटाऊनला आला, तेव्हा त्याच्या हस्ते या वास्तूचे उद्घाटन झाले. त्याच भेटीत त्याने आणखी एका कामाचा शुभारंभ केला. समुद्राच्या लाटांपासून जहाजांना आसरा देणारी दगडी भिंत, म्हणजे ब्रेकवॉटर, बांधायला घेतली होती. तिच्यासाठी दगडांची पहिली गाडी राजपुत्राने समुद्रात रिती केली. पुढची भिंत मात्र कैद्यांनी उभारली. दगड फोडण्यासाठी वसाहतीच्या कानाकोपऱ्यांतून सक्तमजुरीचे कैदी आणले जात आणि जवळच्याच तुरुंगात ठेवले जात.

एकाच शहरात, एकाच राजपुत्राच्या हातून सुरू झालेल्या या दोन ठिकाणांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसते. दहा वर्षांनी तो संबंध जोडला गेला. जोडणारे गृहस्थ त्या ग्रंथालयातील ग्रंथपाल होते. त्यांचे नाव विल्हेल्म ब्लीक.

ब्लीक यांचा जन्म ८ मार्च १८२७ रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील फ्रीडरिश ब्लीक हे धर्मशास्त्राचे प्राध्यापक. ते बॉन विद्यापीठात शिकवत. उत्क्रांतिवादाचे जर्मनीतील मोठे प्रवर्तक एर्न्स्ट हेकेल हे विल्हेल्म यांचे नात्याने भाऊ. घरात ग्रीक, हिब्रू आणि बायबलच्या चिकित्सेचे वातावरण होते. विल्हेल्म यांची ओढ मात्र लवकरच आफ्रिकेतील भाषांकडे वळली. नामांना लिंग कसे प्राप्त होते, या प्रश्नावर त्यांनी प्रबंध लिहिला. उत्तर आफ्रिकेतील भाषांचे दक्षिण टोकाच्या खोइखोइ लोकांच्या भाषेशी नाते असावे, हा त्यातील विचार होता. १८५१ मध्ये बॉन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली.

पुस्तकांतून शिकलेल्या भाषा प्रत्यक्ष ऐकाव्यात, ही त्यांची तळमळ होती. १८५४ मध्ये नायजर नदीच्या मोहिमेत भाषातज्ज्ञ म्हणून जाण्याची संधी आली. पण पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील फर्नांडो पो बेटापर्यंत पोहोचताच तापाने गाठले आणि परतावे लागले. ही माघार त्यांच्या पथ्यावर पडली. इंग्लंडमध्ये त्यांची दोघांशी गाठ पडली. पहिले नाताळचे बिशप कोलेन्झो आणि दुसरे केप वसाहतीचे नवे गव्हर्नर सर जॉर्ज ग्रे. कोलेन्झो यांना झुलू भाषेचे व्याकरण तयार करायचे होते. १८५५ मध्ये ब्लीक त्यांच्यासोबत नाताळला गेले. झुलू वस्त्यांमध्ये राहून त्यांनी भाषा, चालीरीती आणि कथा टिपल्या. पुढच्या वर्षी ग्रे यांनी त्यांना केपटाऊनला बोलावून घेतले आणि आपल्या खासगी ग्रंथसंग्रहाची सूची करण्याचे काम सोपवले.

ग्रे हे साम्राज्याचे निष्ठावंत सेवक होते. १८५७ मध्ये भारतातील उठाव दडपण्यासाठी केपमधून फौजा पाठवणारे हेच गव्हर्नर. केपच्या पूर्व सीमेवरील खोसा लोकांच्या जमिनी बळकावण्याच्या धोरणातही त्यांचा हात होता. ज्यांच्या जमिनी घेतल्या, त्यांच्याच भाषा मात्र हा गृहस्थ जिवापाड जमवत असे. न्यूझीलंडमध्ये गव्हर्नर असताना माओरी कथा गोळा करून त्यांनी त्या छापल्या होत्या. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातील बेटे येथील भाषांत छापलेली पुस्तके, मिशनऱ्यांच्या हस्तलिखित शब्दसूची, मध्ययुगीन युरोपातील सोनेरी अक्षरांच्या पोथ्या, शेक्सपिअरच्या नाटकांची १६२३ ची पहिली एकत्रित आवृत्ती, असे सारे त्यांच्या संग्रहात होते. १८६१ मध्ये केप सोडताना सुमारे पाच हजार ग्रंथांचा हा ठेवा त्यांनी सार्वजनिक ग्रंथालयाला दिला. अट एकच होती: संग्रहाची देखभाल ब्लीक यांच्याकडे असावी. १८६२ पासून ब्लीक या संग्रहाचे ग्रंथपाल झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले.

या ग्रंथालयाला तोवर चांगला इतिहास जमा झाला होता. कंपनीचे एक जर्मन अधिकारी योआखिम फॉन डेसिन १७६१ मध्ये निवर्तले. त्यांनी आपली सुमारे चार हजार पुस्तके लोकांच्या उपयोगासाठी चर्चकडे ठेवली होती. १८१८ मध्ये गव्हर्नर लॉर्ड चार्ल्स सॉमरसेट यांनी सार्वजनिक ग्रंथालयाची घोषणा केली आणि त्याचा खर्च भागवण्यासाठी द्राक्षाच्या मद्याच्या पिंपांवर कर बसवला. डेसिन यांची पुस्तके या संग्रहात आली. मद्यावरच्या करातून चालणारे आणि वाचकाला मोफत खुले असलेले हे ग्रंथालय त्या काळी अपवादात्मकच होते. पुढे कराचे उत्पन्न काढून घेतले गेले आणि वर्गणीवर भागवावे लागले, तरी दार बंद झाले नाही.

ब्लीक यांनी याच इमारतीत बसून ‘दक्षिण आफ्रिकी भाषांचे तुलनात्मक व्याकरण’ लिहिले. त्याचा पहिला भाग १८६२ मध्ये आणि दुसरा १८६९ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्य आणि दक्षिण आफ्रिकेत पसरलेल्या शेकडो भाषा एकाच कुळातील आहेत, हे त्यांनी त्यांच्या रचनेवरून दाखवले. झुलूमध्ये ‘उमुंटू’ म्हणजे माणूस आणि ‘अबांटू’ म्हणजे माणसे. शब्दाच्या शेवटी नव्हे, तर आरंभी बदल करून अर्थ फिरवण्याची ही पद्धत त्या साऱ्या भाषांत आढळते. या कुळाला ब्लीक यांनी दिलेले ‘बांटू’ हे नाव भाषाशास्त्रात कायमचे रुजले. मात्र वर्णभेदी राजवटीने पुढे हाच शब्द उचलून कृष्णवर्णीयांवर शिक्क्यासारखा वापरला. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने कृष्णवर्णीय मुलांना मुद्दाम दुय्यम शिक्षण दिले. तेव्हापासून दक्षिण आफ्रिकेत हा शब्द माणसासाठी वापरणे अपमानास्पद मानले जाते.

केपच्या उत्तरेकडील कोरड्या माळरानावर राहणाऱ्या सान लोकांची भाषा मात्र या कुळातली नव्हती. गोरे वसाहतवाले त्यांना ‘बुशमन’ म्हणत. शिकार आणि कंदमुळे यांवर जगणारे हे लोक त्या भूमीचे सर्वांत जुने रहिवासी. त्यांच्यापैकी केपमधील एका समूहाच्या भाषेचे नाव ‘खाम’. हे नावही देवनागरीत नेमके लिहिता येत नाही, कारण त्याच्या आरंभी जिभेने केलेला चटकारा आहे. हळहळ व्यक्त करताना आपण च्‌च्‌ करतो किंवा बैल हाकताना जीभ टाळूला लावून आवाज काढतो, तसे ध्वनी या भाषेत व्यंजन म्हणून येतात, तेही अनेक प्रकारचे. रोमन लिपीत ते दाखवण्यासाठी उभी रेघ, दोन उभ्या रेघा, उद्गारचिन्ह अशा खुणा वापरतात. येथे आलेली सान व्यक्तींची नावेही त्यामुळे अपुरीच समजावीत.

हे लोक झपाट्याने संपत होते. मेंढपाळ शेतकरी उत्तरेकडे सरकले तसे पाणवठे त्यांच्या ताब्यात गेले, हरणांचे कळप ओसरले. भुकेल्या माणसांनी मेंढरे मारली की बंदुकधारी टोळ्या निघत. पुरुष मारले जात, बायका-मुलांना शेतावर राबवण्यासाठी नेले जाई. लुई अँथिंग या दंडाधिकाऱ्याने १८६३ मध्ये या संहाराचा अहवाल वसाहतीच्या संसदेपुढे ठेवला होता. त्यातून फारसे काही निष्पन्न झाले नाही. जे वाचले, त्यांपैकी कित्येक पुरुष मेंढीचोरीच्या आरोपाखाली कैदी होऊन ब्रेकवॉटरवर दगड फोडत होते.

१८७० मध्ये असे २८ सान कैदी केपटाऊनच्या तुरुंगात असल्याचे ब्लीक यांना कळले. ग्रंथालयाच्या कपाटांत जगभरच्या भाषांची पुस्तके होती, पण खाम भाषेचे पुस्तक जगात कुठेच नव्हते. ते अवघ्या काही मैलांवर, साखळदंडांतल्या माणसांच्या स्मरणात होते. ब्लीक यांनी सरकारकडे अर्ज केला आणि एका तरुण कैद्याला मोब्रे उपनगरातील आपल्या घरी ठेवण्याची परवानगी मिळवली. त्याचे नाव आकुंटा. त्याच्याकडून शब्द मिळाले, वाक्ये मिळाली, पण वयाने लहान असल्यामुळे कथा थोड्याच मिळाल्या. म्हणून फेब्रुवारी १८७१ मध्ये एका वयस्क कैद्याला आणले गेले. त्याचे नाव कॅबो. त्याच्या भाषेत या शब्दाचा अर्थ ‘स्वप्न’ असा होतो.

या कामात ब्लीक एकटे नव्हते. १८६२ मध्ये त्यांनी जेमिमा लॉईड यांच्याशी विवाह केला होता. जेमिमा यांची थोरली बहीण लुसी लॉईड पुढे त्यांच्याच घरी राहायला आल्या. १८३४ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेल्या लुसी यांचे भाषाशास्त्राचे शिक्षण झालेले नव्हते, पण कान विलक्षण तयार होता. कैदी घरी आले, तेव्हा मेव्हणा आणि मेव्हणी शेजारी बसून वह्या भरू लागले. पानावर एका स्तंभात खाम मजकूर, दुसऱ्यात त्याचा इंग्रजी अर्थ आणि समोरच्या पानावर ओघात निघालेली स्पष्टीकरणे, अशी ही रीत होती. सांगणाऱ्याने सावकाश एकेक वाक्य म्हणायचे, लिहिणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचे, चुकले तर सांगणाऱ्याने सुधारायचे. तुरुंगातला कैदी या घरात गुरुजी झाला होता.

ब्लीक यांचे सारेच वागणे आजच्या कसोटीवर उतरत नाही. मानवी भाषा खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर चढत जातात, असा त्या काळचा समज त्यांचाही होता. सान लोकांची भाषा म्हणजे माणसाच्या बालपणीचा नमुना असेल, या कुतूहलातूनच ते तिच्याकडे वळले होते. १८७१ मध्ये इंग्लंडमधून टॉमस हक्सली यांच्या मागणीवरून ब्रेकवॉटरच्या कैद्यांना विवस्त्र उभे करून, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्रे काढण्यात आली. त्या कामाची व्यवस्था ब्लीक यांनीच पाहिली. ती छायाचित्रे आज पाहताना मान खाली जाते. पण त्याच वर्षी, त्याच कैद्यांपैकी एकासमोर हेच ब्लीक रोज विद्यार्थ्यासारखे बसत होते. वह्या जसजशा भरत गेल्या, तसतसे पायऱ्यांचे ते गणित निरर्थक ठरत गेले. १८७३ आणि १८७५ मध्ये केपच्या संसदेला सादर केलेल्या अहवालांत ब्लीक यांनी या समृद्ध वाङ्मयाचा तपशील दिला आणि ते जतन करण्याची निकड मांडली.

काय होते या वह्यांत? एके काळी सूर्य म्हणजे एक म्हातारा होता आणि त्याच्या काखेतून उजेड पडे. मुलांनी तो झोपलेला पाहून त्याला आभाळात भिरकावले, तेव्हापासून सगळ्यांना ऊन मिळू लागले. एका मुलीने चुलीतली राख वर उधळली आणि तिची आकाशगंगा झाली, अंधारात घरी परतणाऱ्यांना वाट दिसावी म्हणून. प्रार्थनाकीटकाच्या (मँटिस) रूपातील एका खोडकर देवतेने आपले पादत्राण वर फेकले, त्याचा चंद्र झाला. आणि या कथांच्या शेजारीच, त्याच हस्ताक्षरात, कॅबोने सांगितलेली स्वतःच्या अटकेची हकिगत होती. भूक, मारलेले जनावर, बांधलेले हात, गाडीचा प्रवास आणि समुद्रकाठचे दगड. पुराण आणि तुरुंग यांच्यात वह्यांनी भेद केला नाही.

१८७१ च्या मध्यावर कॅबोची शिक्षा संपली. तो जाऊ शकत होता. घरची ओढही तीव्र होती. बायकोमुलांची आठवण, आपल्या पाणवठ्याची आठवण, आपल्या लोकांत बसून गोष्टी ऐकण्याची आठवण त्याने वारंवार सांगितली आणि तीही वह्यांत उतरली. तरी तो आणखी दोन वर्षांहून अधिक काळ राहिला. आपल्या लोकांच्या कथा पुस्तकांच्या वाटेने दूरवर पोहोचतील, या कल्पनेने तो सुखावत असे, असे लुसी यांनी पुढे नोंदवले आहे. ज्याला वाचता येत नव्हते, त्याने पुस्तकासाठी आपले घर दोन वर्षे दूर ठेवले. ऑक्टोबर १८७३ मध्ये तो परतला आणि १८७६ च्या सुरुवातीला वारला. छापलेले पुस्तक त्याने पाहिले नाही.

त्याच्यामागून डियाक्वेन नावाचा दुसरा सान गृहस्थ आला. १८७४ मध्ये पर्वतांतील गुहाचित्रांच्या नकला ब्लीक यांच्याकडे आल्या, तेव्हा त्या डियाक्वेनला दाखवण्यात आल्या. त्याने त्यांचा अर्थ सांगितला. ती चित्रे म्हणजे निव्वळ शिकारीची रेखाटने नसून पाऊस, मृत्यू आणि श्रद्धा यांच्याशी त्यांचे नाते आहे, हे त्यातून प्रथमच दिसले. शंभर वर्षांनी पुरातत्त्वज्ञ डेव्हिड लुईस-विल्यम्स यांनी याच नोंदींच्या आधारे दक्षिण आफ्रिकेतील गुहाचित्रांच्या अभ्यासाची दिशा बदलली.

ब्लीक यांची प्रकृती तरुणपणापासूनच तोळामासा होती. क्षयाने त्यांना पोखरले होते. ग्रंथालयाचा पगार कुटुंबाला पुरत नसल्याने वृत्तपत्रांत लेखन करावे लागे. १८७० मध्ये ब्रिटिश सरकारने निवृत्तिवेतन मंजूर केल्यावर थोडा श्वास घेता आला. पण दिवस फार उरले नव्हते. १७ ऑगस्ट १८७५ रोजी मोब्रे येथील घरी त्यांचे निधन झाले. वय अवघे ४८. टेबलावर अपुरा शब्दकोश होता. हे काम लुसी यांनी पुढे न्यावे, अशी इच्छा त्यांनी मृत्युपत्राला जोडलेल्या मजकुरात आधीच नोंदवून ठेवली होती.

ग्रंथालयाने लुसी यांना ग्रे संग्रहाचे काम दिले खरे, पण ब्लीक यांच्या निम्म्या पगारावर. १८८० मध्ये तर त्यांना तेथूनही दूर केले गेले आणि ती जागा थिओफिलस हान यांना मिळाली. लुसी यांनी वह्या सोडल्या नाहीत. कॅबोचा जावई हांकासो याच्याकडून, तसेच उत्तरेकडून आणलेल्या चार लहान मुलांकडून त्या लिहून घेत राहिल्या. एकूण नोंदी बारा हजार पानांच्या वर गेल्या. त्यातील बहुतेक पाने लुसी यांच्या हातची आहेत. पुढे कुटुंब युरोपात गेले, प्रकाशकांच्या नकारांत वर्षे सरली. अखेर १९११ मध्ये लंडनमध्ये ‘स्पेसिमेन्स ऑफ बुशमन फोकलोअर’ हे पुस्तक निघाले. मुखपृष्ठावर ब्लीक आणि लॉईड अशी दोन्ही नावे होती. ब्लीक यांच्या मृत्यूला तेव्हा ३६ वर्षे झाली होती. १९१३ मध्ये केपच्या विद्यापीठाने लुसी यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. दक्षिण आफ्रिकेत हा मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला. पुढच्याच वर्षी, ३१ ऑगस्ट १९१४ रोजी, त्यांचा मृत्यू झाला.

ब्लीक यांची कन्या डोरोथिया वडिलांच्या निधनाच्या वेळी दोन वर्षांची होती. मोठेपणी तीही याच कामाला लागली. १९१० च्या सुमारास ती उत्तर केपमध्ये गेली, तेव्हा खाम बोलणारी मोजकी म्हातारी माणसे भेटली, पण जुन्या कथा त्यांच्यापाशी उरल्या नव्हत्या. वडिलांनी सुरू केलेला शब्दकोश तिने पूर्ण केला. तो १९५६ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, छापून आला. तोवर ती भाषा बोलणारे कोणी उरले नव्हते.

वह्या मात्र उरल्या. त्यातील बऱ्याचशा केपटाऊन विद्यापीठात आणि काही भाग इझिको संग्रहालय व राष्ट्रीय ग्रंथालय येथे आहे. १९९७ मध्ये युनेस्कोने त्यांचा समावेश ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ नोंदवहीत केला. लोकशाही दक्षिण आफ्रिकेने २७ एप्रिल २००० रोजी नवे राजचिन्ह स्वीकारले, तेव्हा त्यावरील बोधवाक्य कोणत्या भाषेत असावे, हा पेच होता. देशाच्या त्या वेळच्या अकरा अधिकृत भाषांपैकी एक निवडली, तर दहा नाराज होणार. निवड झाली खाम भाषेची. वेगवेगळ्या लोकांनी एकत्र यावे, असे सांगणारे ते वाक्य या वह्यांच्या आधारावर रचले गेले. ज्या भाषेचे बोलणारे त्या भूमीवर नामशेष केले गेले, तीच आज त्या देशाच्या नाण्यांवर आणि सरकारी कागदांवर आहे. या गोष्टीत गौरव किती आणि उशिरा आलेली खंत किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

ग्रंथालयाचे मोठेपण आपण सहसा ग्रंथांच्या संख्येवरून मोजतो. शेक्सपिअरची ती दुर्मीळ आवृत्ती केपटाऊनमध्ये नसती, तरी जगात तिच्या इतर प्रती होत्याच. कॅबोच्या गोष्टीची दुसरी प्रत कुठेही नव्हती. जे कपाटात नाही आणि उद्या मिळणारही नाही, ते ओळखणे हे ब्लीक यांचे ग्रंथपाल म्हणून मोठे काम. ते ओळखून चाळीस वर्षे जपणे हे लुसी लॉईड यांचे. आणि ते कोणतेही देणे लागत नसताना मोकळ्या मनाने देणे, हे त्या कैद्यांचे.

ब्रेकवॉटरच्या तुरुंगाच्या आवारात पुढे केपटाऊन विद्यापीठाची व्यवस्थापन शाखा सुरू झाली. ज्या विद्यापीठाच्या कपाटात कॅबोच्या वह्या आहेत, तेच हे विद्यापीठ.